छपरावरून द्यायचे उत्तर

कवेलूभाऊंनी आयुष्यात कोणाला माफ केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. गेलेल्या माणसाविषयी लिहिताना असे वाक्य प्रारंभी येऊ नये, हे मला समजते. पण त्यांच्याविषयी खरे लिहायचे तर इथूनच सुरुवात करावी लागते. कुरखेड्यात आणि भोवतालच्या गावांत ते घरे फेरण्याचे काम करीत. पावसाळ्यापूर्वी छपरावरची कवेलू, म्हणजे कौले, उतरवायची, वानरांनी फोडलेली वेगळी काढायची, खालचे वासे आणि बांबूच्या कमच्या तपासायच्या आणि पुन्हा एकेक कवेलू रांगेत बसवायचे, याला आमच्याकडे घर फेरणे म्हणतात. हे काम येणारे पुष्कळ होते. कोणाच्या घरात पावसाचा थेंब नेमका कुठे पडावा हे ठरवू शकणारा मात्र एकच होता.

आमच्या गल्लीत एक पीठगिरणीवाले होते. ते एकदा चारचौघांत म्हणाले, "कवेलूभाऊचा हात आता पयल्यासारखा नाई राह्यला." भाऊंनी ते ऐकले. त्या वैशाखात त्यांनी गिरणीचे छप्पर नेहमीप्रमाणे फेरून दिले. आषाढ लागला, आणि गिरणीवाले ज्या खुर्चीवर बसत त्या खुर्चीवर, बरोबर टाळूच्या जागी, पाणी ठिबकू लागले. पोत्यांवर नाही, यंत्रावर नाही, गिऱ्हाइकांच्या बाकावरही नाही. खुर्ची हलवावी तर एका बाजूला गिरणीचा पट्टा आणि दुसऱ्या बाजूला भिंत. श्रावणात ते छत्री उघडून दळण घेऊ लागले, बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या, आणि अखेर ते भाऊंच्या दारी गेले. भाऊ वर चढले, एक कवेलू बोटभर सरकवले आणि उतरले. हे मुद्दाम केले होते का, असे मी त्यांना पुढे विचारले.

"कवेलू आहे ते, सर," भाऊ म्हणाले. "सरकते."

माझी आणि त्यांची ओळख उशिराची. नोकरीची सगळी वर्षे मी चंद्रपुरात भूगोल शिकवला आणि पत्नीच्या नोकरीमुळे ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहिलो. तिथे नळ बिघडला की तक्रारवहीत लिहायचे आणि माणूस येण्याची वाट पाहायची, एवढाच माझा गृहदुरुस्तीशी संबंध. पत्नी गेल्यावर आणि निवृत्त झाल्यावर वडिलांच्या कुरखेड्यातील घरी आलो. वडील शाळामास्तर होते. घर तीन खोल्यांचे, मातीच्या भिंतींचे, सागवानी खांबांचे आणि कवेलूंचे. वडिलांच्या काळापासून ते भाऊच फेरीत असत, त्यामुळे त्या घराची त्यांना माझ्यापेक्षा अधिक माहिती होती. कोणता खांब आतून पोकळ आहे, कोणत्या भिंतीला उत्तरेच्या पावसाचा मार बसतो, हे ते भिंतीला नुसता तळहात लावून सांगत.

मी स्वभावाने भिडस्त. दुकानदाराने चुकीची वस्तू दिली तर ती परत न करता वापरणारा. अशा माणसाला टीव्ही हा सोयीचा सोबती असतो, कारण तो उत्तराची अपेक्षा करीत नाही. कुरखेड्याला आल्यावर मला जुनी घरे नवी करण्याच्या कार्यक्रमांचा नाद लागला. हातोड्याच्या एका घावात भिंत कोसळायची, जाहिराती संपेपर्यंत दुसरी उभी राहायची, आणि शेवटी मालकाच्या डोळ्यांवरची पट्टी सोडली की तो रडायचा. असे शेकडो भाग पाहून मला घरांचे कळू लागले आहे, अशी माझी समजूत झाली होती. एकदा भाऊ कामाविषयी बोलायला आले असता मी त्यांनाही एक भाग पाहायला बसवले.

त्यांनी तो संपूर्ण पाहिला. मग म्हणाले, "हा घर सुधरून राह्यला का राग काढून राह्यला?"

"नव्यासाठी जुनं पाडावं लागतं, भाऊ."

"पाडा ना बाप्पा. पण मले सांगा, याच्यात पावसाळा कुठी आहे?"

"म्हणजे?"

"पट्टी सोडली, मालक रडला, अन् संपलं. मिरूग लागल्यावर पुन्हा कोनी गेलं का त्याच्या घरी पाह्याले? याच्यात पावसाळा येतच नाई."

मी हसलो. त्या वर्षी भाऊ दोनदा विचारायला आले, तेव्हा मी 'पुढच्या आठवड्यात पाहू' म्हणत राहिलो. सामान हलवावे लागेल, घरात धूळ होईल, चार दिवस टीव्ही बंद राहील, एवढीच कारणे होती. घर फेरले गेले नाही. पाऊस आला आणि मधली खोली गळू लागली. ही गळती माझ्या आळसाची होती, आणि पुढे जे घडले ते समजण्यासाठी एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवणे पुरेसे आहे.

माझ्या पुतणीने कौतुकाने घराची छायाचित्रे अशाच एका कार्यक्रमाकडे पाठवली, आणि ती निवडली गेली. फाल्गुनात दोन गाड्या भरून माणसे आली. आठ दिवसांत घर नवे करून देणार होते. स्थानिक कारागीर दाखवायचा म्हणून त्यांनी भाऊंना बोलावले. भाऊ धुतलेला सदरा घालून आले आणि तासभर बोलले. मातीच्या भिंतीवर सिमेंट चढवू नका, आतली ओल आतच राहते. खांबाचा पाय सिमेंटात गाडू नका, उधई, म्हणजे वाळवी, लागते. छपरावर पत्रा टाकाल तर माणूस आत भाजून निघेल. सूत्रसंचालक तरुण होता, पांढरे बूट घातलेला, दात फार शुभ्र. त्याने मध्येच विचारले, "पण काका, घर तर गळतंय ना?"

"यंदा फेरलं नाई, म्हनून गळते," भाऊ म्हणाले.

तो माझ्याकडे वळला. कॅमेराही वळला. "म्हणजे सर, इतकी वर्षं हे काम नीट झालंच नव्हतं. बरोबर ना?"

दिव्याचा झोत माझ्या तोंडावर होता. सात-आठ माणसे श्वास रोखून माझ्या उत्तराची वाट पाहत होती. नाही म्हणायला वाक्य लागते. हो म्हणायला नुसती मान पुरते. मी मान हलवली.

भाऊ माझ्यापासून दोन हातांवर उभे होते.

वैशाखात तो भाग प्रसारित झाला. भाऊंच्या तासाभराच्या बोलण्यातले एक अक्षरही त्यात नव्हते. तोंड उघडे टाकून वर पाहणारा एक म्हातारा होता, त्याच्यावर पिपाणीचे विनोदी संगीत होते, आणि लगेच माझी मान होती. पाठोपाठ हातोडा. भाग तालुकाभर पाहिला गेला. त्या वैशाखात भाऊंना कामाचे एकही बोलावणे आले नाही. आठवडी बाजारात ते दिसले की रिकामटेकडे लोक तोंडाने ती पिपाणी वाजवीत. भाऊंच्या पत्नीने मला हे रस्त्यात थांबवून सांगितले. तुळसाबाई आवाज चढवून बोलणाऱ्या नव्हत्या. "तुमचा बाप असा नोता," एवढेच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्यानंतर पावसाळा आला. टीव्हीवर येत नाही तो. पत्र्याखाली लावलेल्या पांढऱ्या छतात पाणी साचून एका दुपारी ते छत पलंगावर कोसळले. सिमेंटखालची माती ओलीच राहिली, भिंतींना पोटे आली, आणि भाद्रपदात रंगासकट गिलावा सुटून पडू लागला. खांबाच्या पायाशी बसवलेली चकचकीत फरशी उचकटून पाहिली तर आत उधईचे वारूळ. वाहिनीला मी तीन पत्रे लिहिली. उत्तर आले नाही. एरवी भाऊंनी एका कवेलूत न्याय केला असता. पण माझ्या घरावर आता कवेलूच नव्हते. ते सगळे परसात कचऱ्यासारखे टाकलेले होते.

मी त्यांच्या अंगणात जाऊन उभा राहिलो तेव्हा ते बांबू चिरत होते. त्यांनी वर पाहिले नाही.

"भाऊ, घर वाचवा."

"कोनाचं?"

"माझं."

"मास्तरचं घर होतं ते." त्यांनी कमची बाजूला ठेवली. "आयक, मास्तरच्या पोरा. घर मी उभं करतो. सांगन मी. हात तुये."

मी बासष्ट वर्षांचा होतो. 'सर' हा शब्द त्यांनी त्यानंतर माझ्यासाठी कधीही वापरला नाही.

काम हिवाळ्यात सुरू झाले. सिमेंट छिन्नीने, बोटबोटभर काढायचे. हातोडा उगारला की ते म्हणत, "मारू नको. भिंतीनं तुयं काई केलं नाई." माझ्या तळहातांना फोड आले ते त्यांनी जवळ घेऊन, उजेडात धरून पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले ते लपवण्याचा त्यांनी जराही प्रयत्न केला नाही. माती, धानाच्या पेंढ्याचे तणस आणि शेण कालवून वीस दिवस सडत ठेवले. रोज सकाळी मी गुडघ्यापर्यंत त्या राड्यात उतरून ते तुडवीत असे. वास असा की जेवण जात नसे. "दहा दिवसांत नाही का होणार?" मी विचारले. "होईन ना," ते म्हणाले, "टीव्हीवर." बांबू त्यांनी अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडायला लावले, उजेडातल्या बांबूला कीड लागते, हा त्यांचा नियम. एक पंधरवडा चुकला तर पुढच्याची वाट पाहिली. घर दुरुस्त होणे म्हणजे मुख्यतः थांबणे, हे मला त्या महिन्यांत कळले, आणि थांबण्याचे चित्रीकरण कोणी का करीत नाही हेही.

खरी शिक्षा वैशाखात सुरू झाली. पत्रे उतरवून मी छपरावर चढलो. वासे बांधायचे, कमच्या ताणायच्या, कवेलू रचायचे. भाऊ खाली कडुनिंबाखाली खुर्ची टाकून चहा पीत बसले, आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारू लागले.

"ओ भाऊ, विचारा ना, मास्तरचा पोरगा काऊन चढला वर."

"काऊन चढले, सर?" माणूस वर पाहून विचारी.

उत्तर मी छपरावरूनच द्यायचे, खाली उतरायचे नाही, आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने द्यायचे, अशी त्यांची अट होती. वर्गात बोलणे वेगळे. तिथे विद्यार्थी ऐकत नसतात. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "घराच्या गळतीस माझी दिरंगाई कारणीभूत होती. भाऊंच्या कामात न्यून नव्हते."

"पुस्तकातलं नको," खालून आवाज आला. "सिधं सांग."

"चूक माझी होती."

"आयकू नाई आलं."

"भाऊंचं काम चांगलं होतं. टीव्हीवर मी खोटी मान हलवली."

"हां," भाऊ त्या वाटसरूला म्हणाले. "आता जा तुमी. घरी सांगजा."

दिवसातून वीस वेळा, तीस वेळा. बाजाराच्या दिवशी किती, ते आठवत नाही. आवाज बसला तर ते गुळाचा खडा वर पाठवीत, आणि पुढच्या माणसाला हाक मारीत.

छप्पर अर्धे उघडे असताना वाहिनीची माणसे पुन्हा आली. 'वर्षानंतर' म्हणून खास भाग करायचा होता. मी घाबरलो. भाऊ म्हणाले, "येऊ दे." उघडे वासे आणि मातीचे ढीग पाहून दिग्दर्शकाचा चेहरा पडला, पण तो सूत्रसंचालक हुशार. तो म्हणाला, "मी स्वतः काम करतोय असा एक शॉट घेऊ."

"घ्या ना सायब," भाऊ उठले. वळचणीखाली त्यांनी एक लांब बांबू उभा केला आणि त्याचे टोक त्याच्या दोन्ही हातांत दिले. "असं वर रेटून धरा. सोडू नका. सोडसान तं हा मास्तरचा पोरगा खाली येईन."

अर्ध्या मिनिटात शॉट झाला. "झालं, काका," तो हसत म्हणाला.

"तुमचं झालं," भाऊ पुन्हा खुर्चीत बसत म्हणाले. "आमचं होऊन राह्यलं."

मी आड्यावर बसलो होतो. ते सागवानी लाकूड हत्ती चढला तरी हलले नसते. तो बांबू कशालाही आधार देत नव्हता; हे मला माहीत होते, भाऊंना माहीत होते, आणि खाली जमू लागलेल्या प्रत्येक कुरखेडेकराला माहीत होते. वैशाखातले बाराचे ऊन. त्याचा घाम बुटांवर ठिबकू लागला. दिग्दर्शक गाडीत जाऊन बसला. अर्धा तास झाल्यावर सूत्रसंचालकाने मान वर करून विचारले, "सर, अजून किती वेळ?"

मी म्हणालो, "थोडाच."

मी दुसऱ्यांदा खोटे बोललो, आणि या खोट्याची मला आजही लाज वाटत नाही. मी एक कवेलू उचलले, पुसले, पाहिले, आणि शक्य तितक्या सावकाश दुसऱ्याशेजारी ठेवले. मग कोणीतरी बाई गर्दीतून तोंडाने ती पिपाणी वाजवू लागली. हळूहळू सगळी गल्ली वाजवू लागली. गिरणीवाले सर्वांत मोठ्याने. तो कॅमेरावालाही खाली मान घालून हसत होता. तास उलटून गेल्यावर भाऊ उठले, दोन बोटांनी बांबू त्याच्या हातांतून काढून घेतला आणि भिंतीला टेकवला. वर काहीही हलले नाही.

"लकडीच होती, सायब," ते म्हणाले. "तुमी उगाच धरून राह्यले."

तो भाग अर्थातच कधी दाखवला गेला नाही. पण लोकांच्या फोनवरून ते चित्रण आठवड्यात तालुकाभर फिरले, आणि ज्यांनी भाऊंना हसून घेतले होते तेच लोक त्यांना कामाला बोलावण्यासाठी येऊ लागले. त्या तरुणाचे हात दुसऱ्या दिवशी किती दुखले असतील, याचा विचार करून मला अजूनही बरे वाटते. कोणी याला क्षुद्रपणा म्हणेल. मी ते नाकारीत नाही.

मिरूग लागला. घरात एक थेंब आला नाही. मला वाटले, माझी सुटका झाली. मी भाऊंना म्हणालो, "त्याला तुम्ही चांगली अद्दल घडवलीत. आता तरी मन शांत झालं असेल."

"त्याचं झालं," भाऊ म्हणाले. "त्याले मी माईत नोतो. तुले होतो."

पुढचा हिवाळा त्यांना सोसला नाही. छातीत कायमची घरघर सुरू झाली, आणि त्यांची मुलगी त्यांना व तुळसाबाईंना आपल्या घरी, सिरोंच्याला, घेऊन जायला आली. गाडी उभी होती. मी त्यांच्या पायांवर घोंगडी नीट केली आणि जे विचारायचे नाही असे ठरवले होते तेच विचारले.

"भाऊ, झालं का माझं?"

त्यांनी बराच वेळ श्वास गोळा केला. "नदीपलीकडची तीन गावं राह्यली," ते म्हणाले. "मी फेरत होतो तिथी घरं. तिथी पन टीव्ही आहे."

माघात सिरोंच्याहून निरोप आला. मी पोहोचेपर्यंत सगळे आटोपले होते. गोदावरीच्या काठी त्यांच्या मुलीने मला जागा दाखवली. मी तिथे रडलो नाही. माझ्या डोळ्यांवरची पट्टी कोणी सोडलेली नव्हती. ते मला माफ करून गेले असते तर कदाचित मी त्यांना लवकर विसरलो असतो.

या वैशाखात मी त्या गावांना निघालो. पहिल्या गावात दोन घरे फेरली आणि दोन्ही छपरांवरून सांगितले. दुसऱ्या गावात एक. तिसऱ्यात पोहोचलो तेव्हा एका घराच्या ओसरीवर म्हातारी बसली होती. समोर फडक्यावर चारोळीचे बी वाळत घातलेले. छप्पर मी रस्त्यावरूनच पाहिले. दोन वर्षे तरी कोणाचा हात लागलेला नव्हता.

"बाई, घर फेरायचं आहे का?"

"आमचं घर कवेलूभाऊ फेरत होता," ती म्हणाली. "मंग टीव्हीत दाखवलं का त्याले काम येत नाई. पोरानं त्याले बलावलंच नाई. सारं घर गळून राह्यलं तवापासून. कोनं सांगतलं असन तसं टीव्हीवाल्याले?"

"मी," मी म्हणालो.

तिने मला खालून वर पाहिले. माझे केस, चष्मा, खांद्यावरची शिडी.

"लाज नाई वाटली?"

"वाटते."

"अन् तुले येते का फेरता?"

"येतं."

"कोनं शिकवलं?"

मी भाऊंचे नाव घेतले. शेजारच्या घरातून कोणीतरी डोकावले, इतक्या मोठ्याने घेतले.

म्हातारीने छपराकडे पाहिले, मग फडक्याची चारी टोके एकत्र धरली आणि चारोळी उचलून आत नेऊन ठेवली, वरची माती त्यात पडू नये म्हणून.